‘गाडी विकायची नाही’ म्हणणाऱ्या मालकाकडून जुनी मोटार घेताना

जुनी फियाट, ॲम्बॅसेडर, हेराल्ड किंवा विलीज जीप शोधणारे बहुतेक जण एकाच पद्धतीने जातात. गाडी दिसली की दार वाजवायचं, ‘विकणार का?’ विचारायचं, आणि नकार आला की आकडा वाढवायचा. पण पंधरा-वीस वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या मालकाला पैशांची घाई असती, तर ती गाडी एव्हाना गेलीच असती. आकडा वाढवला की त्याला एवढंच कळतं की आपल्या दारातला ऐवज मोठा आहे. मग तो आणखी घट्ट धरून बसतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नकाराचं खरं कारण, मग घरातली माणसं, मग कागद, मग गाडीची तपासणी आणि त्यानंतर किंमत. खाली लिहिलेलं महाराष्ट्रात नोंदलेल्या खासगी मोटारींना धरून आहे; गोव्यातल्या गाड्यांचा फरक जिथे पडतो तिथे सांगितला आहे.

१. दार वाजवण्याआधीची तयारी

गाडी नीट ओळखा. आपल्याकडे सगळ्यांनाच ‘फियाट’ म्हणतात, पण पन्नाशीच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’ वेगळी, साठीच्या दशकातली ११०० डिलाइट वेगळी, त्यानंतरची प्रीमियर प्रेसिडेंट वेगळी. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. सगळ्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या, तरी चाळीस वर्षं गाडी सांभाळलेला माणूस दोन प्रश्नांत तुमची परीक्षा घेतो. डिलाइटला पद्मिनी म्हणालात की त्याच्या लेखी तुम्ही दलाल किंवा हौशी पोरगा. ॲम्बॅसेडरचंही तसंच. मार्क १, मार्क २ आणि मार्क ३ यांच्या पुढच्या जाळ्या डोळ्यांनी ओळखता आल्या पाहिजेत. हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची, आणि तिचा सांगाडा बॉडीपासून वेगळा असल्याने ती पाहायची रीतही वेगळी, एवढं तरी माहीत हवं.

दुसरी तयारी कायद्याची. मालक हमखास म्हणतो, “आता या गाड्या सरकारने बंद केल्यात ना?” उत्तर तोंडपाठ ठेवा. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांचे ते निर्बंध दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यातले. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून वाढवता येते.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज मोटारींसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चेसिस (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्याने नोंदायला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षांची. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. दर रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचं असेल, तर या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करा.

सावधान: ‘काका, सरकार उचलून नेईल, त्यापेक्षा मला द्या’ ही थाप अजूनही सर्रास मारली जाते. ती खोटी तर आहेच, शिवाय संध्याकाळी मालकाचा नातू मोबाइलवर बघतो आणि तुमचं नाव त्या घरातून कायमचं जातं.

तिसरी तयारी माणसाची. परक्या दारात थेट जाण्यापेक्षा ओळख काढा, आणि त्यासाठी सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे त्या गाडीचा जुना मिस्त्री. पुण्यात नाना पेठेत, कोल्हापुरात उद्यमनगरात, मुंबईत कुर्ल्याला जुन्या गाड्यांचं काम केलेले लोक आजही सापडतात. गाडी कधीपासून उभी आहे, इंजिन कोणी उघडलं होतं, घरात कोणाचा शब्द चालतो, हे सगळं त्याला ठाऊक असतं. त्याला त्याच्या वेळेचे पैसे उघडपणे द्या. ‘सौदा झाला की टक्केवारी’ असं ठरवलंत तर तोच दलाल होतो, आणि मग मालकाच्या कानावर दोन वेगळे आकडे जातात.

२. पहिली भेट

पहिल्या भेटीत दोनच कामं: आपण कोण ते सांगणं, आणि ऐकणं.

का आलात हे लपवू नका. ‘सहज बघायला आलो’ म्हणून तीन वेळा चहा प्यायचा आणि चौथ्या वेळी किंमत काढायची, ही युक्ती शहाणपणाची वाटते, पण वयस्कर माणसाला त्यात फसवणूक दिसते, आणि ते बरोबरच आहे. सुरुवातीलाच एकदा सरळ सांगा: “काका, मला जुन्या गाड्यांची आवड आहे. तुमची गाडी कधी द्यायचं मनात आलं तर मला घ्यायला आवडेल. आज मात्र फक्त बघायला आलोय.” एवढं बोलून विषय सोडा. त्या दिवशी पुन्हा काढू नका.

मग गाडीबद्दल विचारा. कुठून घेतली, नंबर कसा लागला, पहिला लांबचा प्रवास कुठला. त्या काळी मोटारीला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, त्यामुळे जवळपास प्रत्येक घरात गाडी मिळाल्याची एक गोष्ट असते. ती पूर्ण ऐका. मध्येच ‘हो, आमच्याकडेही होती’ म्हणून आपली गोष्ट सुरू करू नका.

या भेटीत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. न विचारता बॉनेट उघडणं. पत्र्यावर बोट मारून ‘इथे सडलाय’ म्हणणं. गाडीला भंगार, खटारा, डबा म्हणणं, मग ते लाडाने का असेना. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे नंबर प्लेटसकट फोटो काढून ग्रुपवर टाकणं. दुसऱ्या दिवशी मालकाला अनोळखी लोकांचे फोन सुरू होतात, त्यातला एखादा वाट्टेल तो आकडा फेकतो, आणि तुमचं बोलणं तिथेच संपतं. फोटो हवाच असेल तर विचारून काढा आणि स्वतःपाशी ठेवा.

तपासा: निघताना मालक ‘परत या’ म्हणाला का? म्हणाला नसेल तर स्वतःहून लगेच जाऊ नका. महिनाभर जाऊ द्या, दसऱ्या-पाडव्याला शुभेच्छांचा फोन करा.

३. नकार कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

‘विकायची नाही’ या दोन शब्दांमागे निरनिराळी कारणं असतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि पैसा हे त्यांतल्या फार थोड्यांचं उत्तर आहे.

आठवणींचा नकार. गाडी वडिलांची आहे, दसऱ्याला अजून हार पडतो. या माणसाला आठवणीची किंमत देऊ करणं म्हणजे अपमान. त्याला हवं असतं ते आश्वासन, की गाडी चालती राहील, रंग बदलणार नाही, घरच्यांना पाहता येईल. जे पाळता येईल तेवढंच सांगा. जुना नंबर हा अशा घरात नाजूक विषय असतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नाव बदललं तर नंबर तोच राहतो, पण गाडी परराज्यात कायमची गेली की तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकापेक्षा तुम्ही जवळचे, हे इथे खरंखुरं सांगता येतं. हेच गोव्यातल्या गाडीबाबत उलटं. ‘जीडी’ने सुरू होणारा गोवा-दमण-दीवच्या काळातला नंबर महाराष्ट्रात आणून टिकेल, असं वचन देऊ नका.

‘मुलगा करून घेणार आहे’ हा नकार. बहुतेक वेळा मुलगा पुण्याला किंवा परदेशात असतो आणि त्याच्या डोक्यात गाडी नसते. तरीही ‘तो काही करणार नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघता कामा नये. काय काय काम लागेल, सुटे भाग कुठे मिळतात, कोणता मिस्त्री चांगला, हे प्रामाणिकपणे सांगा. खर्चाचा आणि वेळेचा अंदाज आला की एक तर मुलगा खरोखर काम सुरू करतो, किंवा बाप-लेक मिळून दुसरा विचार करतात. पहिलं झालं तर गाडी वाचली, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

ऐकीव किमतीचा नकार. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा त्या बातम्या पाहून कितीतरी घरांत शेडमधल्या फियाटकडे नव्या नजरेने बघितलं गेलं. लिलावातल्या रोल्स-रॉइसचा आकडा आणि दारातली पद्मिनी यांचा मेळ घालणारे लोक भेटतात. वाद घालू नका. गाड्यांच्या ताज्या जाहिराती एकत्र दाखवा आणि चालती गाडी व बंद गाडी यांतला फरक त्यांचा त्यांना दिसू द्या.

भीतीचा नकार. ‘तुम्ही नेणार, पार्ट काढून विकणार’, ‘शूटिंगला देऊन उडवणार’, ‘हॉटेलच्या दारात उभी करणार’. ही भीती निराधार नाही, असे प्रकार होतात. तुम्ही आधी केलेली एखादी गाडी असेल तर मालकाला तिच्यात बसवून चक्कर मारून आणा. याहून चांगला पुरावा नाही.

भीतीचा दुसरा प्रकार कायद्याचा, आणि तो रास्त आहे. आपली गाडी दुसऱ्याने नेली, नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे मालकाची काळजी बरोबर आहे, असं सांगा. आणि नाव बदलण्याची तयारी सौदा होण्याआधीच कशी करणार ते दाखवा.

कागदांचा नकार. हा सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. आरसी बुक हरवलंय, नोंदणी कधीच संपली आहे, गाडी मेलेल्या काकांच्या नावावर आहे, किंवा मूळ मालकाकडून घेतल्यावर कधी नावावर केलीच नाही. हे परक्यापुढे कबूल करायची लाज वाटते, म्हणून ‘विकायची नाही’ म्हणून मोकळं व्हायचं. खूण सोपी आहे: गाडीबद्दल माणूस भरभरून बोलतो, पण कागदांचा विषय निघाला की चहा आणायला आत जातो. अशा वेळी हळूच म्हणा, “या काळातल्या बऱ्याच गाड्यांचे कागद अर्धवटच असतात काका, ते करून घेता येतात.” या एका वाक्याने जेवढी दारं उघडतात तेवढी पैशाने उघडत नाहीत.

आणि एक नकार खरा नकार असतो. त्याला द्यायचीच नाही. तो ओळखा, आपला फोन नंबर देऊन या, आणि सोडून द्या. म्हातारा आजारी पडल्याचं कळताच फोन करणारे महाभाग आहेत. त्यांच्यातले होऊ नका.

४. घरात कोणाकोणाला विचारायचं

गाडी ज्याच्या दारात उभी आहे तो तिचा एकटा मालक असेलच असं नाही. नोंदणी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू कुटुंबात १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, असे सगळे पहिल्या वर्गातले वारस समान वाटेकरी होतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना लोक हमखास विसरतात. सौदा ठरतो, इसार दिला जातो, आणि साताऱ्याहून ताईंचा फोन येतो: “अप्पांची गाडी मला न विचारता कशी विकता?” मग गाडी बाजूला राहते आणि जुनी भांडणं वर येतात.

म्हणून विक्रीला होकाराची चाहूल लागली की तुम्हीच सुचवा: “अण्णा, ताईंच्या आणि धाकट्या भावांच्या कानावर घालाल का? माझ्याकडून काही विचारायचं असेल तर मी बोलतो.” यात वेळ जातो, कधी सौदा फिसकटतोही. तरी नंतर कोर्टाची नोटीस येण्यापेक्षा हे परवडलं.

घरातल्या बाईंना वगळून बोलू नका. वर्षानुवर्षं त्या गाडीमुळे अडलेली जागा त्यांनी सोसलेली असते. काकूंचं मत बहुधा ‘एकदाची जाऊ दे’ असतं किंवा ‘ती गेली तर हे खचतील’ असतं. दोन्ही मतं तुम्हाला काकांकडून कळणार नाहीत.

गाडी संस्थेच्या नावावर असेल, म्हणजे साखर कारखाना, सूतगिरणी, ट्रस्ट, बंद पडलेली भागीदारी पेढी, तर व्यवस्थापकाचा शब्द पुरेसा नाही. विक्रीचा लेखी ठराव आणि सहीचा अधिकार कोणाला आहे, हे आधी बघा. कंपनी अवसायनात (बंद करून देणी मिटवण्याच्या प्रक्रियेत) असेल तर त्यासाठी नेमलेल्या अवसायकाशिवाय कोणालाही ती विकता येत नाही.

५. कागद

किमतीआधी कागद, याचं कारण साधं आहे. कागद नसलेली आणि कागद पुरे असलेली तीच गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आकडा आधी ठरला तर नंतर कमी करताना तुम्ही दिलेला शब्द मोडला असं होतं.

बघायच्या गोष्टी:

• मूळ आरसी बुक. नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, नोंदणीची तारीख. पानं उलटून जुने बदल आणि कर्जाचा शिक्का पाहा. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला लागतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल तर दाखल्याला वेळ लागतो, हे गृहीत धरा.

• गाडीची नोंद संगणकावर आहे का. तीन अक्षरी जुन्या नंबरच्या कितीतरी गाड्या ‘वाहन’ या आरटीओच्या संगणक प्रणालीत चढलेल्याच नाहीत. अशा गाडीची जुनी नोंद आरटीओकडून आधी चढवून घ्यावी लागते, तोवर पुढचा एकही अर्ज सरकत नाही.

• कर भरल्याच्या जुन्या पावत्या, शेवटचा विमा, आणि नोंदणीची मुदत.

• गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, याची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडची पडताळणी.

आरसी बुक हरवलं असेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार आणि फॉर्म २६ भरून दुसरी प्रत मिळते, पण अर्ज नोंदलेल्या मालकानेच करायचा असतो. नोंदलेला मालक वारला असेल तर फॉर्म ३१ भरून आधी वारसाच्या नावावर गाडी घ्यावी लागते. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती सोबत लागते. कायद्याने मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. बहुतेक घरांत ही मुदत कधीच उलटून गेलेली असते, त्यामुळे दंडाची तयारी ठेवा.

सौदा झाला नाही तरी चालेल, पण कागदांच्या या कामात मालकाला मदत करा. सोबत आरटीओत जा, रांगेत तुम्ही उभे राहा, त्यांना बसवा. विश्वास बसतो तो इथे. खर्च कोणी करायचा तेही आधीच बोलून घ्या. माझं मत: शुल्क खरेदीदाराने भरावं आणि सौदा फिसकटला तर ते मागू नये.

सावधान: ‘कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून ठेवा, तारीख नंतर टाकू’ असं कधीही म्हणू नका; हे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज आहेत. भीतीचा जो नकार तुम्ही महत्प्रयासाने दूर केलात तो या एका वाक्याने परत येतो.

६. गाडी तपासणं

आता बॉनेट उघडायला विचारा, आणि मिस्त्रीला सोबत न्या.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतात का ते सर्वांत आधी. पेन्सिलने घासून कागदावर चेसिस प्रिंट घ्या, तीच पुढे आरटीओत उपयोगी येते. डिझेल इंजिन बसवलेल्या जीप आणि ॲम्बॅसेडर आपल्याकडे भरपूर. तो बदल आरसीत चढवलेला नसेल तर नाव बदलताना गाडी अडते, आणि इंजिन बदललेली गाडी व्हिंटेजच्या नियमातही अडखळते.

मग पत्रा. फियाट आणि ॲम्बॅसेडर यांना वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे पायाखालचा पत्रा, दाराखालचे बॉक्स, जॅक लावायची जागा आणि डिकीचा तळ सडला असेल तर ते काम रंगरंगोटीचं नसतं. हेराल्ड आणि जीप यांना खाली वेगळी फ्रेम आहे, तिथे फ्रेमकडे बघा. कोकणात आणि गोव्यात खारट दमट हवेने पत्रा आतून खाल्लेला असतो. वरून रंग चांगला दिसतो, चुंबक लावला की कळतं कुठे पुटी भरली आहे.

इंजिन चालू करून दाखवायचा हट्ट धरू नका आणि मालकाने धरला तर त्याला थांबवा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टन सिलिंडरला चिकटलेले असतात, टाकीतलं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं. बॅटरी लावून सेल्फ मारला तर रिंगा तुटतात. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडायचं, मुरू द्यायचं, मग हाताने इंजिन फिरतं का पाहायचं. हेसुद्धा मालकाच्या दारात नको. त्याच्या डोळ्यांदेखत इंजिन जाम निघालं तर ते त्याला लागतं, आणि मोडलं तर दोष तुमचा.

तपासा: दारं, काचा, बिल्ले, मीटर, स्टिअरिंग, दिव्यांच्या रिंगा मूळच्या आहेत का. इंजिनाचं काम उद्यमनगरात होतं, पण डिलाइटच्या मीटरची काच शोधताना जीव मेटाकुटीला येतो. जे गायब आहे त्याची यादी करा.

७. किंमत

तपासणीची यादी समोर ठेवूनच किंमत बोला. पत्रा, रंग, इंजिन, ब्रेक, वायरिंग, सीटची कव्हरं, टायर, नसलेले भाग, कागदांचा खर्च, असं ओळीने लिहा. प्रत्येकापुढे मिस्त्रीचा अंदाज. विशेषणं नकोत. ‘पूर्ण सडलीय’ लिहू नका, ‘पायाखालचा पत्रा बदलणे’ लिहा. मग चांगल्या चालत्या गाडीची बाजारातली किंमत, त्यातून हा खर्च वजा, आणि उरेल तो तुमचा आकडा. तो कागद मालकाकडे ठेवून या. घरात त्यावर बोलणं होऊ द्या, जावई त्यात चुका काढेल, काढू द्या.

पहिला आकडा लाजिरवाणा कमी ठेवू नका. जुन्या बाजारात घासाघीस चालते, इथे मालकाला वाटतं आपल्या वडिलांची किंमत केली. मी सहसा वरच्या मर्यादेच्या बराच जवळचा आकडा सांगतो आणि तसं बोलूनही दाखवतो: “याच्या थोडंसं वर जाता येईल, फार नाही.” भंगाराच्या किलोच्या भावाची तुलना चुकूनही करू नका.

मागणी तुमच्या आवाक्याबाहेर असेल तर स्पष्ट सांगा आणि निघा. मालकाला दुसऱ्याकडून किंमत विचारून यायला स्वतःच सुचवा. मुंबईत, पुण्यात जुन्या मोटारींच्या क्लबमधले जाणकार असतात, त्यांचं मत घेतल्यावर तोच आकडा त्यांना बरोबर वाटू शकतो.

८. इसार आणि करार

होकार मिळाल्यावर दिवस त्यांना ठरवू द्या. पितृपक्षात बरीच घरं व्यवहार करत नाहीत, काहींना अमावास्या नको असते. वाद घालण्यात अर्थ नाही.

इसार थोडाच द्या आणि इसारपावती करा. त्यात दोघांची नावं, गाडीचा नंबर, चेसिस व इंजिन नंबर, ठरलेली किंमत, इसाराची रक्कम, कागद कोण कधी पूर्ण करणार, आणि कागद झाले नाहीत तर इसार परत, एवढं असू द्या. गाडीसोबत काय काय येतं ते इथेच लिहा.

मालकाला दिलेली वचनंही लिहून टाका. रंग न बदलणं, विकायची झाल्यास आधी त्यांना विचारणं, नातवाच्या लग्नाला गाडी देणं. जे पाळणार नाही ते लिहू नका. पुढे विकायचीच नाही असं कायमचं बंधन घालून घेऊ नका, उद्या तुमच्यावरही वेळ येऊ शकते. ‘आधी तुम्हाला विचारेन’ एवढं पुरे.

पैसे बँकेतून द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे बिचाऱ्या मालकाला. ‘अर्धे रोख’ असा आग्रह तुमच्याकडून नको. वारस अनेक असतील तर रक्कम कोणाच्या खात्यात किती, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

९. गाडी हलवणं

फियाटची रुंदी पाच फुटांच्या आत, ॲम्बॅसेडरची साडेपाचच्या आसपास. गेट मोजा. गाडी उभी केल्यानंतर बांधलेली भिंत, जिना किंवा तुळशीवृंदावन वाटेत आलेलं असतं, हे हसण्यावारी नेऊ नका. भिंत पाडावी लागली तर ती बांधून द्यायचा खर्च तुमचा.

गाडी दोर बांधून ओढत नेऊ नका. ब्रेक जाम, टायर बसलेले, स्टिअरिंग जड. वळणावर घात होतो. सपाट तळाचं टोइंग वाहन मागवा. आधी चाकं फिरतात का पाहा, हँडब्रेक सुटत नसेल तर मागचे ड्रम मिस्त्रीकडून सोडवून घ्या. दिवसाउजेडी या, घाई दाखवू नका. घरच्यांना गाडीला ओवाळायचं असेल, नारळ फोडायचा असेल, फोटो काढायचे असतील, त्यासाठी वाहनवाल्याला तासाभराचे जादा पैसे आधीच कबूल करून ठेवा. ड्रायव्हर ‘साहेब, चला लवकर’ म्हणाला की सगळ्यांचाच विरस होतो.

सावधान: या दिवशीही मालकाने ‘नको’ म्हटलं तर थांबा. गाडी वाहनावर चढल्यानंतर म्हटलं तरी. आठ दिवसांनी पुन्हा बोला.

१०. नावावर करणं

फॉर्म २९ आणि ३० गाडी हलवण्याच्या दिवशीच, तारखेसकट, दोघांनी भरून सही करावेत. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याने ३० दिवसांत. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत नेणार असाल तर फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला आधी घ्या. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते, म्हणजे आधी ती चालती व्हायला हवी. तोवर ती रस्त्यावर आणू नका, आणि मालकाला हे वेळापत्रक आधीच सांगून ठेवा. नाही तर सहा महिन्यांनी आरसीवर अजून त्यांचंच नाव बघून त्यांचा जीव टांगणीला लागतो.

नाव बदलल्यावर नव्या आरसीची प्रत त्यांना नेऊन द्या. त्याच खेपेला माळ्यावरच्या सामानाचा विषय काढा. जुन्या गाडीच्या घरात माळ्यावर, कपाटात, देवघराच्या वर काहीतरी ठेवलेलं असतंच: हँडल, जॅक, दुसरी किल्ली, एखादी हबकॅप, मालकाची पुस्तिका, कधी कधी नवी कोरी लाइटची काच. सौद्याच्या वेळी ते कोणालाच आठवत नाही, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारात जातं.